अंड्याच्या आधीचा तास

दादाची लेअरची, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांची, शेड सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, माळावर आहे. उंच खांबांवर पिंजऱ्यांच्या रांगा, खाली खताचा थर, दोन्ही अंगांना जाळी आणि दिवसभर सुटलेला वारा. यंदा दिवाळीला माहेरी गेले तेव्हा सकाळी सातच्या सुमाराला मी आणि माझी लेक त्याच्या मागोमाग आत शिरलो. लेक पशुवैद्यक आहे, आणि पुढच्या शिक्षणात तिने पक्ष्यांच्या वागणुकीचा विषय घेतला. दादा तीस वर्षं कोंबड्या पाळतोय. मामा-भाचीचा एकमेकांवर फार जीव, पण कोंबडीवरून त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

मधल्या रांगेत लेक एका पिंजऱ्यापाशी थांबली. चार पांढऱ्या कोंबड्या. तिघी खाद्यात चोच घालून उभ्या होत्या. चौथी खात नव्हती. मान उंच करून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत जात होती. वाटेत तिघी होत्याच, म्हणून कधी त्यांच्या पाठीवरून, कधी पोटाखालून. कडेला पोचली की जाळीतून मान बाहेर काढायची, आत घ्यायची, वळायची, परत निघायची. मधेच एक सूर काढायची. आधी बारीक तुटक, मग लांब ओढलेला. अंडं घातल्यावर कोंबडी जी आरोळी ठोकते ती ही नव्हे. हा सूर हळू असतो, आणि सकाळच्या वेळी कुठल्याही लेअर शेडमध्ये तो शेकड्यांनी ऐकू येतो, म्हणून तो कुणाला वेगळा ऐकूच येत नाही. दादाचा गडी दोन रांगांना खाद्य टाकून परत आला तरी ती चालतच होती. मग एकाएकी ती अर्धवट बसली, अंगाला हिसका बसला, आणि अंडं उताराच्या जाळीवरून घरंगळत पुढच्या पन्हळीत येऊन थांबलं. ओलं होतं, डोळ्यांदेखत सुकलं.

दादाने ते उचलून माझ्या हातात दिलं. ऊन होतं.

दादा : बघ, डाग नाही, विष्ठा नाही, पीस चिकटलेलं नाही. बाजारात असं अंडं लागतं.

लेक : मामा, ती मघापासून काय शोधत होती?

दादा : शोधायचं काय त्यात? अंडं यायच्या आधी जीव बेचैन होतो. घातलं, मोकळी झाली. आता खायला लागेल बघ.

आणि खरोखर ती खायला लागली.

लेक : बेचैन आहे म्हणून एवढं चालत नाही कुणी. ती जागा शोधत होती. मामा, आज जो बलक अंडाशयातून सुटला ते उद्याचं अंडं. कवच चढून बाहेर पडायला त्याला चोवीस-पंचवीस तास लागतात. बलक सुटला की मागे एक रिकामी पिशवी राहते. ती वाया जात नाही. तिच्यातून संप्रेरकं सुटतात आणि दुसऱ्या दिवशी अंड्याची वेळ जवळ आली की त्यांच्यामुळे कोंबडी घरटं शोधायला लागते. एडिंबराच्या कुक्कुट संशोधन केंद्रात वुड-गश आणि गिल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात ती रिकामी पिशवी काढून पाहिली, तर कोंबडीचं हे शोधणंच बिघडलं. म्हणजे आज सकाळी तिने काय करायचं ते काल सकाळीच तिच्या पोटात ठरलेलं होतं. ती पिंजऱ्यात आहे की माळावर, हे त्या पिशवीला कळत नाही.

दादा : पण पिंजऱ्यातच जन्म गेला तिचा. घरटं कधी बघितलंच नाही, तर त्याची आठवण कशी येईल?

लेक : आठवण लागतच नाही. आणि सगळ्या जातींचं सारखं नसतं. जड, तांबड्या कोंबड्या पुष्कळदा जाळीवरच बसून घरटं केल्यासारखं करतात. या हलक्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या असतात त्या चालतात. आपल्याकडे बहुतेक सगळ्या पांढऱ्याच.

दादा गप्प झाला. त्याच्या गप्प होण्याचं कारण मला ठाऊक होतं, कारण आम्ही दोघं एकाच आईच्या हाताखाली वाढलो. आमच्या घरी कापशी नावाची एक गावरान कोंबडी होती. ती खुराड्यात अंडं घालायची नाही. आई रात्री डालग्याखाली हात घालून तिला चाचपायची आणि सांगायची, उद्या आहे गं हिचं. मग सकाळी मला आणि दादाला तिच्या पाळतीवर बसवायची. कापशी आधी गोठ्यात जायची, गव्हाणीखाली बसून बघायची, उठायची. मग चुलीमागच्या शेणकुटांत. मग परत अंगणात, तोच ओढलेला सूर काढत. आम्ही फार जवळ गेलो तर ती उगाच दाणे टिपल्यासारखं करायची. शेवटी कडब्याच्या गंजीत एका बोळात शिरायची, जिथे आमचा हात जेमतेम पोचायचा. त्या बोळात अकरा अंडी सापडली होती एकदा. लेक सांगत होती ते दादाने सात वर्षांचा असताना पोटावर सरपटत जाऊन बघितलेलं होतं.

दादा : कापशी एक होती. माझ्याकडे बारा हजार आहेत. तुला वाटतं मी हौसेने कोंडल्या? १९९४ ला मी गादी पद्धतीनेच सुरुवात केली. जमिनीवर सहा इंच भाताचं तूस, सगळ्या मोकळ्या. पहिल्या पावसाळ्यात तूस भिजलं, त्याची ढेकळं झाली, अमोनियाने डोळे चुरचुरायचे. मग रक्ती हगवण. रोज टोपलीभर मरतूक. त्यातून ज्या वाचल्या त्या एकमेकींना टोचायला लागल्या. अंडं घालताना मागचा लाल भाग बाहेर येतो ना, तो दुसरीला दिसला की संपलं. एकीने टोचलं की रक्त दिसून दहा धावायच्या, आतडी बाहेर काढायच्या. तुझी मामी हळद लावत बसायची आणि रडायची. पिंजरे आले, विष्ठा खाली पडायला लागली, रोगाचा फेरा तुटला. माझ्यासाठी पिंजरा म्हणजे सुटका होती बाळ.

हे मला इथे पूर्ण लिहावंसं वाटलं, कारण पिंजऱ्याविरुद्ध बोलणारे बरेच जण ही हकिगत गाळतात. पिंजरा दुष्टपणातून आला नाही. तो विष्ठेपासून पक्षी दूर ठेवण्यासाठी आला, आणि ते काम त्याने केलं. हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होतं.

लेक : तुमच्या त्या शेडमध्ये अंड्याची पेटी होती का?

दादा : होती की. पत्र्याचे डबे. भिंतीला लावलेले, उघडे.

लेक : म्हणजे घालतेवेळी तिचा मागचा भाग सगळ्यांना दिसत होता. अंधारी, तिन्ही बाजूंनी बंद, पुढे पडदा असलेली पेटी मिळाली तर ती वेळ आडोशाला जाते. टोचणीचं मूळ रागात नसतं, मामा. कोंबडी दिवसाचा मोठा भाग जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. ब्लॉखाउस नावाच्या डच संशोधकाने दाखवलं की पायाखाली टोचण्यासारखं काही नसलं की तीच टोचणी शेजारणीच्या पिसांकडे वळते. तुमचं तूस भिजून ढेकळं झाली, तेव्हा उकरायचं संपलं आणि पिसं सुरू झाली.

दादा : हे तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस.

लेक : तेव्हा माझा जन्म झाला नव्हता.

ऑफिसात चहा आला. दादाच्या टेबलावर मोजपट्टीची टेप होती. लेकीने ती उचलली आणि परत आत गेली. मीही गेले. पिंजरा रुंदीला १८ इंच, खोलीला १५ इंच. चार पक्षी. तिने मोबाइलवर हिशोब केला : सगळा पिंजरा १७४२ चौरस सेंटीमीटर, एकीच्या वाट्याला ४३५. आपण कार्यालयात वापरतो तो ए-४ कागद ६२४ भरतो.

लेक : ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स यांनी १९८९ साली कोंबड्यांचे वरून फोटो काढून मोजलं. नुसतं उभं राहायला सरासरी ४७५ चौरस सेंटीमीटर. वळायला १२७२. पिसं साफ करायला ११५१. पंख फडफडवायला १८७६.

दादा : थांब. कुठली कोंबडी मोजली त्यांनी?

लेक : तांबडी. रॉस ब्राऊन.

दादा : तेच विचारतो. ती दोन किलोच्या पुढे जाते. माझी ही पांढरी बीव्ही-३०० दीड किलोच्या आसपास. तिचे आकडे माझ्या पिंजऱ्याला लावू नकोस.

लेक : बरोबर आहे तुमचं. पांढरीला थोडी कमी जागा लागेल. पण मामा, इथे चौघींची मिळून जागा त्या एका कोंबडीच्या पंख फडफडवण्याला पुरत नाही. दीड किलोची असली म्हणून हा फरक भरून निघेल का?

दादाने उत्तर दिलं नाही. त्याची हरकत मला आवडली, कारण ती पक्षी हातात धरणाऱ्या माणसाची होती. आणि लेकीने ती लगेच मान्य केली, हेही.

दादा : बरं, जागेचं मला सांग. जागा दिली तर अंडं वाढेल का? माझी कोंबडी आत्ता वर्षाला तीनशेच्या पुढे देते. दुःखी असती तर दिलं असतं का?

लेक : अंडं हे सुखाचं माप नाही. अंडं तिच्या पैदाशीतून, खाद्यातून आणि तुमच्या सोळा तासांच्या दिव्यातून येतं. रानकोंबडी मोजकीच अंडी घालून रवणीला बसते. तुमची खुडूकच होत नाही, कारण पिढ्यानपिढ्या निवडून तो गुण काढून टाकला. पण घरटं शोधायचा गुण नाही निघाला, कारण तो अंड्याच्याच साखळीत अडकलेला आहे. जागेचं म्हणाल तर एप्रिल-मे आठवा. बेचाळीस अंशांत कोंबडी काय करते?

दादा : धापा टाकते. पंख सोडते.

लेक : पंख अंगापासून दूर धरते, कारण पंखाखालची कातडी उघडी असते, तिथून उष्णता जाते. आता चौघी एकमेकींना चिकटलेल्या असताना पंख कुठे सोडणार? उन्हाळ्यात मधल्या रांगेतली मरतूक जास्त असते असं तुम्हीच मला सांगितलंय.

यावर दादा पुढे सरसावून बसला. गोणपाट ओले करणं, छतावर पाणी सोडणं, फॉगर, दुपारचं खाद्य बंद ठेवून रात्री देणं, हे सगळं तो करतो. पंख सोडायच्या जागेचा विचार मात्र त्याने केला नव्हता. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे ऊन आत येत नाही, हे त्याला पाठ आहे. घर बांधताना सूर्याचा विचार आपण करतो. कोंबडीच्या पंखाचा करायला हरकत नसावी.

दादा : मला एक भीती वाटते. तुम्ही शिकलेली माणसं स्वतःला त्या पिंजऱ्यात बसवून बघता. जाळी बघितली की तुमच्या पायाला टोचते. कोंबडीच्या पायाला टोचते का, हे कुणी विचारलं?

लेक : विचारलंय. आणि तुमच्या बाजूचं उत्तर आलंय. १९६४ ला रूथ हॅरिसन यांचं ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ नावाचं पुस्तक इंग्लंडमध्ये आलं, त्यावरून सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमली. १९६५ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी तारेची जाळी वापरू नये, जाड तारेची वापरावी. समजुतीला पटणारं होतं. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांसमोर वेगवेगळे तळ ठेवले आणि त्यांना निवडू दिलं. कोंबड्यांनी ती बारीक षट्कोनी जाळीच पसंत केली. पायाला जास्त ठिकाणी आधार मिळतो तिच्यावर.

दादा : (टेबलावर थाप मारून) हे बघ!

लेक : मीही तेच म्हणते, मामा. समितीला विचारू नका, मला विचारू नका. कोंबडीला विचारा. पण मग ती सांगेल ते सगळं ऐकायला लागेल. तुम्हाला पटलेलं तेवढंच घेऊन भागायचं नाही. घरट्यापुढे जड दार ठेवलं आणि ते ढकलल्याशिवाय आत जाता येणार नाही असं केलं, तर अंड्याची वेळ जवळ येईल तशी कोंबडी जास्त जोर लावते. काही तास उपाशी ठेवलेली कोंबडी खाद्यासाठी लावते तितका, आणि शेवटी शेवटी त्याहून जास्त. हेही तिचंच उत्तर आहे.

दादा : आणि पिंजऱ्यातून बाहेर यायचं की नाही, हे विचारलं कुणी?

लेक : तेही डॉकिन्स यांनी विचारलं. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबडीसमोर एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला गवताचं मोकळं आवार. पहिल्या खेपेला पुष्कळजणी पिंजऱ्यातच गेल्या.

दादा : गेल्याच!

लेक : ओळखीचं तेवढं होतं म्हणून. आवाराची थोडी ओळख झाल्यावर त्याच कोंबड्या आवार निवडायला लागल्या.

मला इथे लेकीला एक विचारावंसं वाटलं, आणि मी विचारलं. आईच्या अंगणात लिंबाखाली कोंबड्यांनी उकरून केलेले खळगे होते. दुपार झाली की त्यात पडून त्या धूळ अंगावर घ्यायच्या. एक पंख वर, डोळे अर्धे मिटलेले, पाय मागे ढकलत, पिसं फुलवून. मग उठून अंग झाडायच्या तेव्हा त्यांच्याभोवती धुळीचा ढग व्हायचा. त्याचं काय?

लेक : आई, ते साधारण एक दिवसाआड होतं, बहुतेक दुपारी, आणि पाव ते अर्धा तास चालतं. पिसांवरचं जुनं तेल धुळीने निघतं. पिंजऱ्यात धूळ नसली तरी त्या जाळीवर पडून तसंच करतात. पंख हलवतात, पाय घासतात, अंगावर काहीच येत नाही.

दादा : मी बघितलंय ते. मला वाटायचं हिला झटके आले.

लेक : पण इथे मी घरट्याइतकं ठामपणे बोलणार नाही. धुळीसाठी कोंबडी किती जोर लावते हे विडोव्स्की आणि डंकन यांनी तपासलं, तेव्हा उत्तर एकसारखं आलं नाही. धुळीशिवाय तिला त्रास होतो, की धूळ मिळाली म्हणजे ती तिला आनंदाची वाटते, हे नक्की सांगता येत नाही. घरट्याबद्दल मात्र शंका नाही. म्हणून मला कुणी विचारलं की कोंबड्यांच्या घरात पहिली वस्तू काय घालू, तर मी पेटी म्हणेन.

माझं मत थोडं निराळं आहे. लिंबाखालच्या त्या खळग्यात पडलेल्या कोंबडीचा चेहरा मी पाहिला आहे. नुसता आनंद असेल तरी तो थोडा नव्हे, आणि बांधणाराने त्याचा विचार करावा असं मला वाटतं. पण लेक म्हणते ते शास्त्र आहे, आणि माझं ते आईच्या अंगणाचं.

दादा : आता माझं ऐक. युरोपने पिंजरे काढले ना? काय झालं तिकडे?

लेक : १९९९ च्या कायद्याने २०१२ पासून साधे पिंजरे बंद झाले. कोंबडीमागे निदान ७५० चौरस सेंटीमीटर, पेटी, बसायची दांडी आणि उकरायला जागा असलेले मोठे पिंजरे चालतात. स्वित्झर्लंडने तर १९९२ पासूनच पिंजरे काढले. पुष्कळ ठिकाणी आता मजल्या-मजल्यांची मोकळी घरं आहेत.

दादा : आणि त्या घरांत छातीचं हाड मोडतं. मी कंपनीच्या माणसाकडून ऐकलंय.

लेक : खरं आहे. काही मजली घरांत कळप निघायच्या वेळी निम्म्याहून जास्त कोंबड्यांचं छातीचं हाड कधी ना कधी मोडलेलं सापडतं. उंच दांडीवरून उतरताना चुकतात, आपटतात. आणि हाड मुळात कच्चं, कारण एकेका कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं आणि त्यातलं काही रात्री हाडातूनच काढलं जातं. कशाला घाबरून हजारो एका कोपऱ्यात धावल्या तर एकमेकींखाली गुदमरून मरतात, तेही होतं. मी तुम्हाला पिंजरा तोडा म्हणणार नाही मामा. पिंजरा तोडून नुसती मोकळी शेड ठेवली तर १९९४ परत येईल.

दादा : मग माझा पिंजरा वाईट कसा? माझ्याकडे छातीचं हाड मोडत नाही फारसं.

लेक : लॉट काढताना काय होतं?

दादाने चहाचा कप खाली ठेवला. जरा वेळाने तो बोलला तेव्हा माझ्याकडे बघून बोलला, भाचीकडे नाही.

दादा : हातात कळतं. पंख धरून बाहेर ओढली की काडी मोडल्यासारखं होतं. व्यापाऱ्याची पोरं भराभर काढतात, त्यांना वेळ नसतो. मी त्या रात्री शेडमध्ये थांबत नाही.

लेक : सव्वा-दीड वर्षं तिने पंख वापरलेलाच नसतो. हाड न वापरून कच्चं होतं. मोकळ्या घरात पंखाचं आणि पायाचं हाड भक्कम होतं, आणि छातीचं आपटून मोडतं. पहिलं न हलल्याने, दुसरं वाईट बांधणीने. पहिल्यावर पिंजऱ्यात इलाज नाही. दुसऱ्यावर आहे : दांड्या कमी उंचीच्या, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला उतरती फळी. स्वित्झर्लंडमध्ये फळ्या लावल्यावर पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही कमी झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिल्लू असतानाच चढ-उतार शिकवायची. लहानपणी दांडी न मिळालेली तलंग मोठेपणी उंचीचा अंदाज नीट घेऊ शकत नाही. घर तलंगेच्या वयापासून सुरू होतं.

दादा : दांडी हवीच का पण? जमिनीवर झोपत नाहीत का?

हे मीच सांगितलं. दिवेलागणीला आईच्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या, पण खुराड्याचं दार लावायला उशीर झाला की त्या शेवग्यावर चढायच्या. आधी ओटा, मग चाक, मग खालची फांदी. सगळ्यात वरच्या जागेसाठी ढकलाढकली. दादाला त्या उतरवायला शेवग्यावर चढवायचे. त्यांचे पूर्वज रात्री झाडावर झोपायचे, आणि या पांढऱ्यांच्या पायांचा पिवळा रंग तर आपल्या सह्याद्रीतही राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे असं लेकीने मागे एकदा मला दाखवलं होतं. अंधार पडायला लागला की कोंबडी वर बघते. दादाच्या शेडमध्ये संध्याकाळी दिवे विझताना मी उभी राहिले होते. सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या.

दादा : सगळं पटलं तरी पैसे कुठून आणू? मोकळी कोंबडी जास्त हिंडते म्हणजे जास्त खाते. आत्ता दिवसाला एकशे दहा ग्रॅम खाते, मक्याचा आणि सोयापेंडीचा भाव तुला माहीत आहे. एनईसीसीचा अंड्याचा रेट सकाळी पडला की माझी रात्र जाते. बर्ड फ्लूच्या वर्षी, २००६ ला, रोग नवापूरला आला आणि माझ्याकडे एक पक्षी आजारी नसताना कुणी अंडं घेईना. मी ट्रॅक्टरने खड्ड्यात ओतली अंडी. मोकळ्या पक्ष्यात रानपाखरं मिसळली तर काय करू? आणि अंडं हे गरिबाच्या पोराचं स्वस्तातलं पोषण आहे. ते महाग करून कोणाचं भलं?

लेक : रानपाखरं अडवायला जाळीची भिंत पुरते, मोकळं म्हणजे उघड्यावर नव्हे. खाद्याचं तुमचं बरोबर आहे, ते वाढेल. अंडं थोडं महाग पडेल. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण आपल्या १९६० च्या प्राणी-क्रूरता कायद्यात आधीच लिहिलेलं आहे की प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्याच घरांचा विषय घेतला. हे आज ना उद्या दारात येणार. तेव्हा दुसऱ्याच्या नकाशावर घाईने बांधावं लागेल. त्यापेक्षा आत्ता लहान करून बघा. तुमच्या उन्हाला, तुमच्या पांढऱ्या जातीला काय चालतं ते इथे कुणी नीट बघितल्याचं मला माहीत नाही. तुम्ही बघू शकता.

दादा : किती पक्षी?

लेक : साठ. पिंजऱ्यात चढवायच्या आधीच बाजूला काढा. पिंजऱ्यातल्या नकोत, त्यांना उतरायलाच येणार नाही.

ब्रूडर शेडमध्ये दादाची आठ आठवड्यांची पिल्लं होती. त्यातली साठ त्याने तिथेच ठेवली. भाऊबीजेच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तो गड्याला घेऊन बांबू कापत होता, गुडघ्याइतक्या उंचीच्या दांड्यांसाठी. पेट्यांसाठी त्याने कांद्याच्या जुन्या प्लॅस्टिकच्या क्रेटी घेतल्या, आडव्या केल्या, आत तूस.

पुढचं सगळं फोनवर. संक्रांतीनंतर अंडी सुरू झाली. पहिले काही दिवस एकही क्रेटमध्ये नाही. सगळी शेडच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, तुसात पुरलेली. दादा वैतागला. लेकीने विचारलं, तो कोपरा अंधारा आहे का? होता. क्रेटला तर सगळीकडून भोकं, आत लख्ख उजेड. मग कोपऱ्यात दिवा लागला आणि क्रेटींना तिन्ही बाजूंनी पोतं शिवलं गेलं, पुढे अर्धा पडदा. आठवड्यात अंडी हळूहळू आत सरकली. दोन कोंबड्यांनी कोपरा सोडलाच नाही. टोचणी दोन जणींत दिसली, त्यावर लेकीने कडब्याच्या पेंढ्या टांगायला सांगितल्या.

मग एका सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी काहीच दिसेना, नुसतं पोत्याचं कापड. दादा कुजबुजत होता.

“मोठ्याने बोलू नका. आत आहे.”

त्याने पडदा बोटाने किंचित सारला. आत पांढरी कोंबडी बसलेली. छाती तुसात दाबून ती जागेवरच फिरली, थांबली, चोचीने तुसाची एक काडी उचलून पाठीवर टाकली. मग दुसरी. मग पायाने मागचं तूस उकरून पोटाखाली घेतलं आणि गप्प झाली. तो ओढलेला सूर नव्हता. खूप वेळ काहीच झालं नाही, आणि आम्ही तिघं, दोन गावांतून, एका कोंबडीकडे बघत होतो.

दादाने पडदा सोडला आणि फोन तोंडापाशी घेतला.

“पुढची पट्टी चार इंच ठेवलीय. ही उकरते तेव्हा तूस सगळं बाहेर सांडतं. सहाची करू का? पण मग आत चढताना अडखळायची नाही ना?”